आठवड्याच्या पाच चुका

कारखान्यात त्यांना सगळे कानसबाई म्हणत. एक तर त्यांच्या हातात अठ्ठावीस वर्षं कानस होती. दुसरं कारण त्यांच्या जिभेशी गाठ पडली की आपोआप कळायचं.

कारखाना डब्यांचा होता. साखरेचे, चहापत्तीचे, डाळीचे, मिठाचे, लहानमोठे, चौकोनी, गोल. साच्यातून नवीन झाकण निघालं की पहिले दहा नग नमुना खोलीत कानसबाईंच्या टेबलावर यायचे. बाई झाकण डब्यावर ठेवायच्या, डोळे मिटायच्या आणि अंगठ्याने दाबायच्या. 'टक्' असा आवाज यायला हवा. 'टुक्' आला तर किनार जाड, 'टॅक्' आला तर पातळ, आणि आवाज आलाच नाही तर त्या दिवशी साचेवाल्याची शंभरी भरली म्हणून समजा. मग कानस चालायची, मग बारीक पॉलिश कागद, मग पुन्हा डोळे मिटून अंगठा. 'टक्' लागलं की बाई मान हलवायच्या, आणि त्या नमुन्याबरहुकूम साचा दुरुस्त होऊन लाखभर झाकणं बाहेर पडायची.

अठ्ठावीस वर्षांत त्यांच्या हातचा एकही नमुना परत आला नव्हता. ही गोष्ट बाई स्वतःहून कोणाला सांगत नसत. फक्त त्यांच्याशी पाच मिनिटं बोललेल्या प्रत्येकाला ती ठाऊक असायची, एवढंच.

आणि अशा बाईंवर संकट आलं ते चुका नसल्यामुळे.

झालं असं, की मालकांची पुतणी बाहेर कुठेतरी डिझाइन शिकून आली आणि कारखान्याच्या कारभारात शिरली. मुलगी हुशार, हसतमुख, कामाला वाघ. तिला सगळे नव्या मॅडम म्हणू लागले. मॅडमनी पहिल्या आठवड्यात नमुना खोलीच्या भिंती पांढऱ्या करून घेतल्या आणि दुसऱ्या आठवड्यात त्यांवर इतक्या रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या की पांढरा रंग कशासाठी दिला होता हे कोणालाच कळेना. तिसऱ्या आठवड्यात थ्रीडी प्रिंटर आला. काचेच्या पेटीत बसून ते यंत्र दिवसभर प्लॅस्टिकचा धागा सोडत फिरायचं आणि संध्याकाळी आत झाकणं तयार असायची. दुसऱ्याच दिवशी त्याचं नाव 'कोळी' पडलं. साचा नको, साचेवाला नको, आठवडाभर थांबणं नको. साचेवाला त्या पेटीकडे सवतीकडे बघावं तसा बघायचा.

मग एका सोमवारी मॅडमनी सगळ्यांना गोळा केलं.

"आजपासून एक नियम," त्या म्हणाल्या. "प्रत्येकाने दर शुक्रवारी आपल्या पाच चुका पिवळ्या चिठ्ठीवर लिहून या भिंतीवर लावायच्या. कोणी रागावणार नाही, कोणाला बोलणी बसणार नाहीत. जो चुकत नाही, तो नवीन काही करून बघत नाही. दोन महिन्यांनी ही खोली प्रयोगशाळा होणार आहे. ज्यांच्याकडे दाखवायला चुका असतील ते इथे राहतील. बाकीच्यांना आपण पॅकिंगला पाठवू."

ज्या कारखान्यात चूक झाली की ती शेजारच्या टेबलावर सरकवायची रीत होती, तिथे चुकांना असा भाव आला म्हटल्यावर माणसं हरखून गेली. शुक्रवारी भिंत पिवळीधमक झाली. साचेवाल्याने नऊ चुका लिहिल्या आणि 'बाकीच्या पुढच्या आठवड्यात' अशी तळटीप टाकली. रखवालदाराने लिहिलं, "मॅडमना करायचा सलाम चुकून त्यांच्या ड्रायव्हरला केला." ड्रायव्हरने लिहिलं, "तो घेतला."

कानसबाईंची चिठ्ठी कोरी होती.

"बाई, एकसुद्धा नाही?" मॅडमनी हळूच विचारलं.

"नाही."

"जरा आठवून बघा ना."

"आठवायला आधी चूक व्हावी लागते, मॅडम."

मॅडम हसल्या, पण वहीत काहीतरी टिपलं. पुढच्या शुक्रवारी पुन्हा कोरी चिठ्ठी, पुन्हा वही. पॅकिंग म्हणजे मागची शेड. तिथे दिवसभर खोके चिकटवायचे, आणि तिथला मुकादम बाईंपेक्षा वीस वर्षांनी लहान होता आणि शीळ घालायचा. बाईंचं टेबल, खिडकीतून डाव्या बाजूने पडणारा उजेड, अंगठ्याच्या मापाने झिजलेली कानसेची मूठ, हे सगळं जाणार, आणि तेही कशापायी, तर आयुष्यभर काम चोख केलं म्हणून! असला उफराटा न्याय त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

त्या संध्याकाळी त्या घरी आल्या त्या धुसफुसतच. घरात माणसं तीन. त्या, त्यांचा नवरा आणि सासूबाई. नवरा छापखान्यात अक्षरं तपासायचा. दोघींच्या मध्ये बोलायचं नाही, या एका नियमावर त्याने तीस वर्षं संसार निभावला होता. सासूबाई एकोणऐंशी वर्षांच्या. गुडघे गेलेले, बोटांचे सांधे सुजलेले, पण कान आणि जीभ शाबूत. कानसबाईंच्या जिभेला धार कुठून आली, असं कारखान्यात लोक विचारत. ज्यांनी सासूबाईंना पाहिलं होतं ते विचारत नसत.

"काय झालं तोंड पाडायला?" सासूबाईंनी विचारलं.

कानसबाईंनी सगळं सांगितलं. सासूबाई ऐकता ऐकता ताठ बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर असा उजेड बऱ्याच दिवसांत पडला नव्हता.

"चुका? तुझ्या?"

"हो."

"किती पाहिजेत?"

"पाच."

"आठवड्याला, का रोजच्या?"

नवरा उठून गॅलरीत गेला.

"घे कागद," सासूबाई म्हणाल्या. "लग्नापासून सुरू करू, की तू मला नुसतं हे वर्ष मागतेस?"

अडला हरी म्हणतात तशी बाईंची गत झाली होती. त्यांनी कागद घेतला. सासूबाई सांगत गेल्या आणि सून दातओठ खात लिहीत गेली. दूध गॅसवर ठेवून टेलिफोनवर बोलते. चटका बसू नये म्हणून कपाला कान असतो, तर ही बया कप वरून धरते आणि मग आरडते. बादली नळाखाली मधोमध ठेवत नाही. साबण ओल्यात ठेवते. खुर्ची ओढताना उचलत नाही. दुसऱ्याचं वाक्य संपायच्या आत उत्तर देते. यावर बाई "असं काही नाही" म्हणाल्या, तर सासूबाईंनी नुसतं कागदाकडे बोट दाखवलं. लिहावं लागलं.

शुक्रवारी त्यातल्या पाच चुका भिंतीवर लागल्या, आणि मॅडम त्यांच्यापुढे उभ्याच राहिल्या. इतरांनी लिहिलेल्या चुका म्हणजे उशीर झाला, विसरलो, सांडलं. इथे मात्र माणूस वस्तू कशी धरतो, कुठे ठेवतो, कुठे फसतो, हे कोणीतरी वर्षानुवर्षं डोळ्यांत तेल घालून पाहिलं होतं.

"बाई, हे निरीक्षण आहे!" मॅडम म्हणाल्या. "हे शिकायला मला चार वर्षं लागली. तुम्ही कुठे शिकलात?"

"घरीच," बाई म्हणाल्या. खोटं नव्हतं ते.

पुढचे दोन शुक्रवार बाईंच्या चिठ्ठ्या भिंतीवर मधोमध लागत राहिल्या. सासूबाईंचा साठा संपायचं नाव घेईना. उलट त्यांना रात्रीची झोप चांगली लागू लागली. पण गोष्टी इतक्या सरळ चालल्या तर त्यात काही अर्थ नाही. एके दिवशी मॅडम म्हणाल्या, "नवीन डबा करायचा तर आधी डबा वापरणारं घर बघायला हवं. आम्ही तुमच्याच घरी येतो. गुरुवारी सकाळी. काही आवरू नका, रोज असतं तसंच राहू द्या."

असं सांगितल्यावर न आवरणारं घर जगात सापडणार नाही. गुरुवारी नवरा कामावर गेल्या गेल्या कानसबाई स्वयंपाकघरावर तुटून पडल्या. ओटा पुसला. फळीवरचे डबे ओळीने लावले. आणि डब्यांवरची झाकणं बघून रोजच्यासारखंच त्यांचं डोकं फिरलं. सगळी झाकणं नुसती वर टेकवलेली! हे गेली सहा वर्षं चाललं होतं. रात्री बाईंनी सगळे डबे टकाटक बंद करावेत आणि दुसऱ्या संध्याकाळी घरी यावं तर सगळी झाकणं सैल. सासूबाई दिवसभर एकट्या घरात, तेव्हा हे उद्योग त्यांचेच. मुंग्यांवरून, ओलावलेल्या मिठावरून, मऊ पडलेल्या बिस्किटांवरून बाईंनी त्यांना सहा वर्षं बोलून घेतलं होतं. प्रत्येक गोष्टीला उत्तर असणाऱ्या सासूबाई या एका गोष्टीवर गप्प बसायच्या, आणि बाई समजायच्या की निदान एका बाबतीत आपण त्यांना जिंकलं. त्या दिवशीही बाईंनी सगळी झाकणं ठोकून लावली. टक्, टक्, टक्.

मॅडम आल्या. सोबत कॅमेरा घेतलेला एक दाढीवाला होता. मॅडमनी सासूबाईंना सांगितलं, "आजी, आम्ही नाहीच असं समजा. नेहमीसारखा चहा करा."

सासूबाईंना हे पसंत पडलं. त्यांनी पाणी ठेवलं आणि कॅमेऱ्याला दिसेल अशा बेताने उभ्या राहिल्या. मग चहापत्तीच्या डब्याकडे हात नेला आणि थबकल्या. झाकण बंद होतं. त्यांनी फळीकडे पाहिलं. सगळीच बंद होती.

"आमच्यात बिनपत्तीचा पितात," त्या म्हणाल्या.

"आई!" कानसबाई दारातून पुटपुटल्या.

सासूबाईंनी झाकणाला बोटं लावली. बोटं घसरली. पदर धरून पाहिलं. डबा पोटाशी धरून पाहिलं. चमच्याचं टोक कडेला घालून पाहिलं, तर चमचा वाकला. कॅमेरा चालू. मॅडम भराभर लिहीत होत्या. कानसबाईंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. अख्ख्या कारखान्यासमोर ही म्हातारी सूड उगवतेय, सहा वर्षांच्या बोलण्याचा!

त्या जवळ गेल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "नाटकं पुरे झाली हं आता."

सासूबाईंनी नुसते हात पदराखाली घेतले. पण घेण्याआधी बाईंना ते दिसले. पेरं लाल झाली होती आणि बोटं मिटत नव्हती. बाईंनी डबा उचलला, अंगठ्याने झाकण उडवलं आणि काही न बोलता पुढे ठेवला.

संध्याकाळी नवरा आला तेव्हा बाई दारातच उभ्या होत्या.

"झाकणं कोण सैल करतं?"

नवऱ्याने आधी आईकडे पाहिलं, मग चपलांकडे. "मी. कामावर जाताना."

"सहा वर्षं?"

"तिने सांगू नको म्हणून सांगितलं होतं."

"आणि मी तिला बोलायचे तेव्हा तुम्ही काय करायचात?"

"गॅलरीत जायचो," नवरा म्हणाला. त्याचंही खोटं नव्हतं.

बाई सासूबाईंसमोर बसल्या. "आई, मला का नाही सांगितलं? मी काय शत्रू होते तुमची?"

सासूबाईंनी मांडीवरचा पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "सांगितलं असतं तर तू उघडून दिलं असतंस."

"मग?"

"मग रोज मागायचं. चहा हवा, उघड गं. मीठ हवं, उघड गं. या स्वयंपाकघरात मी कोणाकडे साखर मागितली नाही कधी. तुझी बोलणी परवडली."

कानसबाईंना लाज वाटली, खरीखुरी, कानशिलं तापतील अशी. सहा वर्षं त्या ज्याला विजय समजत होत्या तो असा होता. आणि ते झाकण त्यांच्याच हातचं होतं. त्याच 'टक्'वर त्यांनी डोळे मिटून मान हलवली होती.

कारखान्यात मॅडमची माणसं कामाला लागली. ती चित्रफीत पाहून सगळे भारावले होते आणि भारावलेली माणसं जरा जास्तच करतात. पहिला नमुना आला तो हात हलवला की उघडणारा. तो डबा शेजारून मांजर गेलं तरी उघडायचा. शिवाय त्याला चार्जिंगला लावावं लागे. "साखरेला वायर?" सासूबाई म्हणाल्या, आणि तो परत गेला. दुसरा आवाजावर चालणारा. 'उघड' म्हटलं की झाकण आपोआप वर. तीन डबे घरी आणले. दुपारी छान चालले. संध्याकाळी नवऱ्याने बाहेरून हाक मारली, "अगं, दार उघड!" आणि फळीवरचे तिन्ही डबे एकदम तोंड वासून उभे राहिले. दार तेवढं बंदच होतं. तेही परत गेले.

दोन महिने भरत आले होते. शेवटच्या शुक्रवारला आठ दिवस उरले. सासूबाई आता चुका सांगेनाशा झाल्या होत्या. "सुचत नाही," म्हणायच्या. बाईंनाही मागायला तोंड राहिलं नव्हतं. चिठ्ठी पुन्हा कोरी होती.

कोळी कधी कधी चुकायचा. छापता छापता प्लॅस्टिक लवकर थंड झालं की झाकणाची एक कड वर उचलली जायची आणि ते पिसाच्या कडेसारखं वाकायचं. असली झाकणं टोपलीत जायची. बाईंनी त्यांतली चार घरी नेली, साबणाखाली ठेवायला बरी म्हणून. रविवारी त्या कपडे वाळत घालून आत आल्या तर सासूबाई ओट्यापाशी होत्या. साखरेच्या डब्यावर त्यातलं एक वाकडं झाकण होतं. सासूबाईंनी बोटं लावलीच नाहीत. तळव्याचा खालचा मऊ भाग उचललेल्या कडेवर टेकवला आणि नुसता भार दिला. ती कड खाली गेली आणि समोरची वर आली. त्यांनी साखर घेतली, चहात घातली आणि वळल्या तर दारात सून.

"काय बघतेस? साबणाला दुसरं घे."

"आई, पुन्हा करा बरं."

"का? चुकलं का काही?"

"पुन्हा करा!"

त्यांनी पुन्हा केलं. बाईंनी ते झाकण हिसकावूनच घेतलं आणि सोमवारी सकाळी कारखान्याचं कुलूप निघायच्या आधी जाऊन उभ्या राहिल्या. अठ्ठावीस वर्षं त्यांनी वाकलेलं झाकण घासून सपाट केलं होतं. आता त्यांनी कोळ्यावरच्या माणसाला बसवून मुद्दाम वाकडं छापून घेतलं आणि ते घासायला घेतलं. पहिलं उघडायचं, पण मिटायचं नाही. दुसरं मिटायचं, पण उघडायचं नाही. तिसरं फाटलं. चौथ्याने साचेवाल्याच्या कपाळाचा नेम धरला. कोळी संध्याकाळपर्यंत सहा-सात नवी द्यायचा आणि बाई दुसऱ्या दुपारपर्यंत ती वाया घालवायच्या. एवढं नुकसान त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं. साचेवाला काम सोडून बघत बसला. बुधवारी तेरावं झाकण तयार झालं. ते तळव्याच्या भाराने उघडायचं आणि तळव्याच्याच भाराने मिटायचं. डबा उलटा करून हलवला तरी साखरेचा दाणा पडला नाही. मग तो दिवसभर मुंग्यांच्या वाटेवर ठेवला. मुंग्यांनी दोन फेऱ्या मारल्या आणि निघून गेल्या. एकच होतं. ते झाकण बसताना काहीच आवाज करत नव्हतं. बाईंनी सवयीने डोळे मिटले, वाट पाहिली आणि पुन्हा उघडले.

शुक्रवारी त्यांनी ते झाकण मॅडमच्या टेबलावर ठेवलं आणि पिवळी चिठ्ठी स्वतःच मोठ्याने वाचली. आधीच्या सगळ्या चुका सासूबाईंनी काढलेल्या आहेत आणि मी त्या माझ्या म्हणून खपवल्या, ही एक. दुसरी, अठ्ठावीस वर्षं मी झाकण नीट बंद होतं का तेवढंच पाहिलं. उघडताना अंगठा माझाच होता. पाच होत नाहीत, दोनच आहेत, पण दुसरी मोठी आहे.

साचेवाला नाक पुसत होता.

मॅडमनी झाकण तळव्याने चारदा उघडलं, चारदा मिटलं. "बाई, तुमचं टेबल कुठेही जात नाही," त्या म्हणाल्या. "पण आतापर्यंतच्या चुका ज्यांनी काढल्या, त्या इथे आल्या पाहिजेत. दर बुधवारी. नवीन काही बाजारात जायच्या आधी त्यांच्या हाताखालून जाईल."

कानसबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. टेबल वाचलं होतं, पण घरी सासूबाई होत्याच, आता त्या कामावरही येणार होत्या! मात्र त्या नाही म्हणाल्या नाहीत.

पुढच्या बुधवारी कारखान्याची गाडी सासूबाईंना घेऊन आली. त्यांनी इस्त्रीची साडी नेसली होती आणि चष्मा दोनदा पुसला होता. फाटकावर रखवालदाराने पाहुण्यांची वही पुढे केली.

"आजी, काम काय लिहू?"

"चुका काढायच्या."

"कोणाच्या?"

"सगळ्यांच्या," सासूबाई म्हणाल्या. मग चष्मा सारखा करून म्हणाल्या, "सुनेच्या सोडून. तिच्या संपल्या."

हे त्यांनी कानसबाईंच्या तोंडावर कधीच म्हटलं नाही आणि म्हणणारही नाहीत. नमुना खोलीत पाऊल टाकल्या टाकल्या तर त्यांनी बाईंची खुर्ची उंच असल्याचं सांगितलं. फाटकावरचं बोलणं रखवालदाराने जेवणाच्या सुट्टीत येऊन सांगितलं. बाईंनी ते त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.